पसरणी घाट उतरण्यापूर्वीच्या ब्रेकबाबत

अर्जदार: सांगलीच्या कचेरीसमोर लिंबाखाली टेबल मांडून लोकांचे अर्ज, कैफियती व तक्रारी लिहून देणारा इसम, म्हणजे मी. वय त्या वेळी पन्नाशीच्या अलीकडे. शिक्षण मराठी सातवी, पैकी शेवटची परीक्षा हुकलेली.

ज्यांच्याकडे अर्ज आहे ते: माझे व्याही. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त. राहणार सातारा जिल्ह्यात, पाचगणीच्या पुढे पठारावरील एका गावी. धंदा स्ट्रॉबेरीची शेती.

वादाची वस्तू: व्याह्यांची काळ्या रंगाची जुनी मोटार व तिचा ब्रेक.

काळ: मोठा दुष्काळ सरल्यानंतरचे दुसरे किंवा तिसरे वर्ष, माघ महिना.

साक्षीदार: विहीणबाई, पाचगणीच्या टॅक्सीतळावरील एक मिस्त्री, आणि माझी कन्या, जिच्यासाठी हे सर्व घडले.

नावे मुद्दाम दिलेली नाहीत. नात्यातल्या प्रकरणात नाव लिहिले की नाते मागे पडते आणि खटला पुढे येतो, हा माझा धंद्यातला अनुभव आहे. हा मजकूर खटला नसून आठवण आहे. परंतु जन्मभर जो ज्या रीतीने लिहीत आला, त्याला त्याच रीतीने आठवते, सबब मांडणी अर्जाची ठेवली आहे.

कायद्याची पदवी मजजवळ नाही. तथापि पदवीधर वकीलसुद्धा सायंकाळी टेबलाशी येऊन "एवढा मजकूर जरा बसवून द्या" असे म्हणत, हे सांगलीत कोणालाही विचारावे. खाली काय मागायचे हे पुष्कळांना कळते. वर काय लिहिले असता समोरच्याला ते देता येईल, हे थोड्यांना कळते. माझा मुख्य नियम असा, की अर्जात प्रतिपक्षाला माघार घेण्याची एक वाट अवश्य ठेवावी, आणि ती वाट माघारीची आहे असे मात्र कोठेही लिहू नये. या नियमावर मी घर चालविले, मुलीचे लग्न केले. तो नियम एका मोटारीच्या चाकाशी कामी येईल, असे मला कधी वाटले नव्हते.

मुलीचे पहिले बाळंतपण माहेरी व्हावे, हा रिवाज सर्वांस ठाऊक आहे. आमच्याकडे त्याला आणखी एक पुस्ती आहे: आठव्या महिन्यात गर्भारशीने वेस ओलांडायची नाही. न्यायचे तर सातव्यात, नाहीतर नववा लागेपर्यंत थांबायचे. मी आणायला पोहोचलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी सातवा सरत होता. नवव्यापर्यंत थांबणे मला शक्य नव्हते, कारण पठारावरच्या त्या गावात जाणती सुईण उरली नव्हती आणि डॉक्टर गाठायचा तर घाटच उतरावा लागे. शिवाय माझ्या पत्नीचे पहिले मूल बैलगाडीत, वाटेवर गेले होते. त्या गोष्टीचा आम्ही दोघांनी पुढे कधी उच्चार केला नाही. परंतु सांगलीहून निघताना तिने माझ्या पिशवीत भाकरी बांधून देताना एवढेच म्हटले होते, "वाटेत गाडी कुठली हे बघून बसवा तिला."

भाकरी बांधून देण्याचे कारणही सांगणे प्राप्त आहे. मुलीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या सासरी अन्न घ्यायचे नाही. मी तर पाणीसुद्धा घेत नसे. ज्या घरचे पाणीही प्यायचे नाही, त्या घरी आवाज चढवून बोलणे तर दूरच. वरपक्षाने बोलावे आणि मुलीच्या बापाने मान हलवावी, अशी आमची रीत. लोकांच्या वतीने मामलेदारापासून मंत्र्यापर्यंत सर्वांना मी प्रश्न विचारले असतील, व्याह्यांना मात्र "गाडी बरी आहे ना?" एवढे विचारण्याचाही मला अधिकार नव्हता.

मुक्काम साताऱ्यास करून, पहाटेची एस्टी धरून मी पठारावर पोहोचलो तेव्हा उन्हे नुकतीच वर आली होती. जावई सरहद्दीवर होते. मुलगा तिकडे असताना सुनेची जबाबदारी आपली, अशी सुभेदारसाहेबांची भावना होती आणि ती रास्तच होती. मी एस्टीने नेण्याची गोष्ट काढताच त्यांनी ती हाताने बाजूला सारली.

"माझी सून एस्टीत धक्के खात जाणार? आवं पाव्हणं, दारात गाडी हाय. मी स्वतः सांगलीत दारात आणून सोडतो. चिंता मत करो."

असे म्हणून त्यांनी मला शेजारी बसविले आणि गाडी कशी चालते हे दाखविण्यासाठी वेशीपर्यंत नेली. रस्ता सपाट होता. परत येताना अंगणात शिरलो, समोर म्हशीची दगडी डोण होती. साहेबांनी पाय दाबला. गाडी चालतच राहिली. पुन्हा दाबला. गाडीचा वेग थोडा उतरला. तिसऱ्यांदा दाबला तेव्हा ती थांबली आणि पुढचा बंपर डोणीला हलकेच टेकला. पाणी पिणारी म्हैस मान वर करून माझ्याकडे पाहू लागली.

"काय, भ्यालासा?" साहेब हसले.

"छे. गाडी थांबली ना."

"थांबायलाच पायजे. तीनदा दाबायचा हिचा ब्रेक. पयल्यांदा सलाम, दुसऱ्यांदा हुकूम, तिसऱ्यांदा अंमल."

मी हसलो. हा पेडल मी ओळखला. आमच्या कचेरीची हीच चाल आहे. पहिला अर्ज थेट तळाला जातो. दुसऱ्या स्मरणपत्राला काहीतरी मऊसर लागते. तिसऱ्याला कोठेतरी आत कोणी जागे होते. परंतु कचेरीत दोन स्मरणपत्रांच्या मध्ये महिना मिळतो. पसरणी घाटाच्या वळणावर, एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला खाली वाईची घरे दिसत असताना, तो कोण देणार?

मी आत जाऊन मुलीला भेटलो. ती उशीला टेकून बसली होती, चेहरा भरलेला, पाय सुजलेले. मी हळूच विचारले, "मामंजींची गाडी कशी आहे गं?"

तिने माझ्याकडे बघितले. लहानपणी मी एखाद्या अर्जात खाडाखोड केली की ती अशीच बघत असे. "आबा, तुम्ही मामंजींना काही बोलू नका," ती म्हणाली. "ते सावकाश चालवतात."

एवढ्यावर माझे समाधान झाले नाही, परंतु माझे काम परभारे विहीणबाईंनी केले. डोणीला गाडी टेकलेली त्यांनी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिली होती. त्या हातातल्या पिठासकट बाहेर आल्या.

"आवं, म्हशीला उडीवताय का काय? पोटुशी पोर बशिवनार, अन गाडीला ब्रेक न्हाई?"

"हाय ब्रेक. तीनदा दाबावा लागतो."

"मग तीनदा सांगते. मिस्त्रीला बलवा, मिस्त्रीला बलवा, मिस्त्रीला बलवा."

साहेबांनी पाचगणीस निरोप धाडला.

मिस्त्री आला तो सायकलवर, कॅरिअरला हत्यारांची पेटी बांधून. मोठ्या तोंडाचा गडी. टॅक्सीतळावर दुरुस्त्या करी आणि हंगामात घाटातून टॅक्सीही हाके. प्रथम त्याने पेडल दाबून पाहिला आणि जाहीर केले, "सुभेदार, ह्यो ब्रेक न्हाई, उशी हाय." नंतर बॉनेट उघडून त्याने ब्रेकच्या तेलाची डबी पाहिली. तेल खाली गेले होते. तेल गेले म्हणजे ते कोठून तरी गळत आहे, हे त्याने मला समजावून सांगितले, जणू मी विचारले होते. तो चारी चाकांच्या आतल्या बाजूने हात फिरवत गेला. मागच्या डाव्या चाकाशी बोटे ओली झाली.

जॅक लावून चाक उतरविले. आतल्या लहान नळकांड्याचे रबर फुगून चिरले होते. त्यातून तेल बाहेर जाई आणि त्याच वाटेने हवा आत शिरे. तेल दाबले तर दबत नाही, हवा दाबली तर दबते, म्हणून पेडल मऊ लागतो. एवढे शास्त्र मला त्या दिवशी कळले व अजून पाठ आहे. त्याच्या पेटीत नवे रबर निघाले. ते बसवून झाले तेव्हा मला वाटले, संपले. मी मनातल्या मनात गणपतीला नारळ कबूल केला.

"आता एअर काढायची," मिस्त्री म्हणाला. "नळीत हवा भरलीया ती. एक मानूस पेडलावर पायजे."

ही हवा काढण्याची रीत सांगितल्याशिवाय पुढचे समजणार नाही. एकाने आत बसून पेडल दोन-चारदा दाबायचा आणि खाली दाबून धरून ठेवायचा. दुसऱ्याने चाकाशी पडून पान्याने एक लहान तोटी सैल करायची. तेल आणि त्याबरोबर हवेचे बुडबुडे फसफसत बाहेर पडतात. तोटी परत आवळायची आणि मगच आतल्याने पाय उचलायचा. तोटी उघडी असताना पाय उचलला, तर गेलेली हवा पुन्हा आत ओढली जाते. एरवी तोटीला रबरी नळी लावून तिचे टोक तेलात बुडवितात, त्यामुळे थोडीफार चूक पोटात घातली जाते. मिस्त्रीची नळी फाटलेली होती. त्याने खाली पत्र्याचा डबा धरला आणि म्हणाला, नळीबिगर बी हुतंय. सबब सगळा भरवसा आतल्या पायावर होता.

मी पुढे झालो. "पेडल मी दाबतो."

"वा!" साहेब म्हणाले. "पाव्हण्यानं आमच्या दारात येऊन कामाला लागायचं? लोक काय म्हनतील?" आणि ते स्वतः चालकाच्या जागेवर बसले.

मी उघड्या दाराशी उभा राहिलो. मिस्त्री गाडीखाली, चाकाशी पाठीवर पडलेला.

"दाबा!"

साहेबांनी दाबला.

"धरा!"

धरला. खालून फस्स असा आवाज आला, डब्यात तेल पडले. "बुडबुडं हायती," मिस्त्री ओरडला. "आवळतोय. सोडा!"

असे पुष्कळ वेळा झाले. बुडबुडे यायचे थांबेनात. मिस्त्रीने बाहेर येऊन पेडल दाबून पाहिला. पेडल तसाच, उशीसारखा. पुन्हा आडवा झाला. पुन्हा दाबा, धरा, फस्स, सोडा. डबीत नवे तेल ओतावे लागे आणि तेलाचा डबा हलका होत चालला. मिस्त्रीच्या शिव्या आधी रबराला होत्या, मग तोटीला, मग गाडी बनविणाराच्या आईला.

या वेळी माझी नजर साहेबांच्या पायाकडे गेली.

लढाईत त्यांच्या उजव्या गुडघ्याला गोळीचा तुकडा लागला होता. तो काढला, पाय बरा झाला, असे ते सांगत, आणि ताठ चालत. काठी त्यांनी तोवर कधी घेतली नव्हती. आता मी पाहिले, की "धरा" म्हटल्यावर त्यांचा पाय खाली जाई, क्षणभर घट्ट राही आणि मग मांडीपासून थरथरू लागे. ते डाव्या हाताने गुडघा वरून दाबत. तरीही पाय आपोआप वर येई. बोटभर, दोन बोटे. आणि त्यानंतर मिस्त्री ओरडे, "आवळतोय, सोडा!" पाय तोपर्यंत सुटलेला असे. जेवढी हवा बाहेर जाई, तेवढी पुन्हा आत येत होती.

मिस्त्रीला गाडीखालून हे दिसत नव्हते. विहीणबाई आत चुलीशी होत्या. अंगणात ते दोघांनाच ठाऊक होते, साहेबांना आणि मला. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले. मी ताबडतोब म्हशीकडे पाहू लागलो.

मग मला दुसरी गोष्ट सुचली. तोटी आवळेपर्यंत जो पाय धरवत नाही, तो पसरणी घाट उतरेपर्यंत कसा धरणार? ब्रेक दुरुस्त झाला तरी ब्रेकवर पाय हाच राहणार. इतका वेळ मी भीत होतो ते लोखंडाला. आता माणसाला भिऊ लागलो; आणि लोखंडाविषयी निदान बोलता तरी येत होते.

मिस्त्री बाहेर आला, हात पुसले आणि निकाल दिला, "मास्टर सिलिंडर गेलाय. साताऱ्यासनं आनावा लागंल. आज न्हाई हुयाचं."

"काही गेलेलं नाही," साहेब तुटकपणे म्हणाले. "चाक चढीव. गळती बंद झाली ना? तीनदा दाबला की लागतो. जेवून निघायचं."

"सुभेदार, घाट हाय."

"घाट मला शिकवू नकोस. ह्याच्यापेक्षा मोठे घाट मी बर्फात उतरलोय."

मी तेथे उभा राहून हिशेब करू लागलो. मिस्त्रीच्या कानात सांगावे, तर त्याचे तोंड असे, की त्याने ते वेशीपर्यंत ऐकू जाईल असे सांगितले असते: सुभेदाराच्या पायात जोर न्हाई! त्यानंतर त्या घरात माझी मुलगी कोणत्या तोंडाने नांदणार होती? साहेबांनाच सांगावे, तर मुलीच्या बापाने वरबापाला, त्याच्या अंगणात, तू अधू आहेस असे सांगणे झाले. न सांगावे, तर घाट. मुलगी आत ट्रंकेत कपडे भरत होती, तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता. बायकोने बांधून दिलेली भाकरी खाण्यासाठी मी ओट्यावर बसलो.

तोंडी बोलता येत नाही ते लेखी बोलता येते, याच एका गोष्टीवर माझे पोट चालत आलेले आहे. पिशवीत फुलस्केप कागद व टाक असतोच. मी भाकरी बाजूला ठेवली, आतून एक पाट मागून आणला, तो मांडीवर घेतला आणि लिहिले. तो मजकूर मला जसाच्या तसा आठवतो, कारण माझ्या हातून त्याहून चांगला अर्ज लिहिला गेलेला नाही.

"मे. सुभेदारसाहेब यांचे सेवेशी. विनंती अर्ज ऐसाजे की, सदरहू गाडीच्या तेलाच्या डबीतील तेल काम चालू असता संपल्यास पुन्हा हवा शिरते, असे मिस्त्री सांगतो. सबब तेथे जबाबदार व जाणत्या इसमाने स्वतः उभे राहून लक्ष ठेवणे अत्यंत जरूर आहे. पेडल दाबणे हे शिपायाचे काम असून आपल्या हुद्द्यास अनुरूप नाही. ते इतर कोणाकडेही सोपवावे. कलम दुसरे: अर्जदाराची कन्या घाटास भीत असून तिच्या मनाला आपल्याशिवाय कोणाचाही आधार वाटणार नाही. तरी प्रवासात आपण मागील आसनावर तिच्या शेजारी बसावे आणि गाडी हाकण्याचे काम मिस्त्रीस सांगण्याची मेहेरबानी करावी. अर्जदार सदैव ऋणी राहील."

एकही वाक्य खोटे नव्हते. तेलाची डबी रिकामी होऊ देता कामा नये, ही गोष्ट खरीच होती. मिस्त्रीने ती दोनदा बोलूनही दाखविली होती. मी उठून दोन्ही हातांनी कागद त्यांच्यापुढे धरला.

साहेबांनी चष्मा लावला आणि उभ्यानेच वाचला. वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचला. मिस्त्री बिडी ओढायचा थांबला. मला वाटत होते, आता ते विचारतील, की समोर उभ्या असलेल्या व्याह्याला तोंड नाही काय? आणि मग सर्व उघडे पडेल.

"साक्षीदार कोण ह्याला?" ते म्हणाले.

"म्हैस," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिले. नंतर कागदाची घडी घालून ती सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवली, बटण लावले आणि मिस्त्रीवर ओरडले, "ए! उलथा पड परत. तेलाच्या डबीवर मी थांबतो. तिथं जबाबदार माणूस पायजे, कळलं का?"

"अन पेडलावर कोन?"

मी पुन्हा पुढे होणार तोच विहीणबाई बाहेर आल्या. गावातल्या सगळ्या बायकांच्या चोळ्या त्या पायाच्या शिलाई मशीनवर शिवत. त्यांचा पाय दिवसभर पट्टीवर असे. "सरका," त्या म्हणाल्या. "भाकऱ्या झाल्या. काय करायचं ते सांग रं."

"वयनी, मी धरा म्हनलं का धरायचं. सोडा म्हनल्याबिगर सोडायचं न्हाई."

"तीस वर्सं ह्या घरात समदं दाबूनच धरलंय. ह्यो पेडल कितीसा!"

साहेब बॉनेटआडून खोकले.

दाबा. धरा. फस्स. विहीणबाई समोर काचेतून पठाराकडे बघत बसल्या होत्या, आणि त्यांचे पाऊल पाटावर देव ठेवावा तसे पेडलवर स्थिर होते. तोटी आवळली गेली. सोडा. पुन्हा. डब्यात उरलेले तेल साहेब काटकसरीने, थेंब न सांडता डबीत घालत होते. मी चाकाशी ओणवा झालो. बुडबुडे आले, मग लहान आले, मग एखाददुसरा. मग तेलाची सरळ धार, सुतासारखी.

मिस्त्रीने उठून पेडल दाबला. पाय अर्ध्यातच अडला. "दगूड!" तो ओरडला. "आयला, दगूड झाला! मास्टर शिलिंडर चांगला हाय की." आधी का झाला नाही, हे त्याने विचारले नाही. विहीणबाईंच्या पायाची तारीफ करीत तो चाक चढवू लागला. साहेब हात पुसत होते. कपडा एकच होता. त्यांनी तो पुसून झाल्यावर माझ्याकडे टाकला, माझे हात स्वच्छ होते तरी.

अर्जातल्या पहिल्या कलमाचा निकाल असा लागला. दुसऱ्याविषयी अवाक्षर नाही. जेवणे झाली; मी माझी उरलेली भाकरी संपविली. ट्रंक मागे चढली. विहीणबाईंनी स्ट्रॉबेरीची करंडी, तुपाची किटली आणि मुलीच्या पाठीसाठी एक मऊ उशी आणून ठेवली, तिची दृष्ट काढली. मुलगी पाया पडून आत बसली. साहेबांनी टोपी घातली, किल्ली हातात घेतली आणि चालकाच्या दाराशी जाऊन उभे राहिले. दाराच्या मुठीवर त्यांचा हात होता. मी डोळे मिटले असावेत, कारण पुढचे मला आधी ऐकू आले.

"धर. तू हाक," ते मिस्त्रीला म्हणत होते. "सायकल टाक माळ्यावर, मागनं ने. सूनबाईजवळ कुणीतरी पायजे. पाव्हण्यांचं काय, ते घाटात डोळे झाकून बसणार."

सर्व हसले. त्यात मीही होतो.

मी पुढे बसलो. पाचगणी मागे पडली, झाडी संपली आणि घाट लागला. वळणे एकामागून एक येऊ लागली. मिस्त्री बडबडत होता, परंतु हात नीट होते आणि ब्रेक पहिल्या दाबाला लागत होता. तरीही प्रत्येक वळणाला माझा पाय आपोआप फळीवर दाबला जाई. काही वेळाने ध्यानात आले, की मागूनही तसाच आवाज येत आहे: टक्. वळण आले की टक्. पुढच्या आरशात मी पाहिले. साहेब मागच्या आसनावर ताठ बसले होते आणि जेथे काहीच नाही तेथे ब्रेक दाबत होते. एका मोठ्या वळणावर त्यांनी दाबून धरले, आणि तो पाय थरथरू लागला.

मुलीने त्यांच्याकडे पाहिलेही नाही. तिने पाठीमागची उशी काढली, ओणवे होता येत नव्हते म्हणून बाजूने वाकली आणि ती त्यांच्या गुडघ्याखाली सारली. रोज करते तसे. "मामंजी, ते काय दिसतंय? वाई का?" असे काहीतरी ती विचारत होती. साहेब म्हणाले, "व्हय. घाट दिसतोय तो नदीवरचा," आणि हात लांब करून तिला दाखवू लागले.

मी आरशातून नजर काढली. "सावकाश चालवतात" या उत्तराचा अर्थ मला त्या वळणावर लागला.

वाईस पोहोचल्यावर मिस्त्रीने गाडी थांबवून ब्रेक पुन्हा तपासला, चाक आतून कोरडे होते. तेथून सातारा, कऱ्हाड व सांगली असा प्रवास निर्विघ्न पार पडला. नववा भरून मुलगी सुखरूप बाळंत झाली, नात झाली. बारशानंतर मी त्या घरी गेलो, पानावर बसलो आणि विहीणबाईंनी मला प्रथम वाढले. त्यानंतर आजतागायत किती वेळा जेवलो असेन. साहेबांनी गाडी पुढे कोणाला तरी दिली. आताशा ते मला एस्टीपर्यंत पोहोचवायला काठी घेऊन येतात, आणि काठी जंगलातल्या सापासाठी आहे असे सांगतात. मी मान हलवितो.

येणेप्रमाणे हकीकत असून, आता मागणी.

माझा अर्ज पूर्णपणे मंजूर झाला, हे मला मान्य आहे. परंतु त्यावर लेखी उत्तर मिळाले नाही, आणि लेखी उत्तराशिवाय प्रकरण माझ्या लेखी बंद होत नाही. तो कागद वरच्या खिशातून पुढे कोठे गेला, हेही मला कळलेले नाही. तरी सुभेदारसाहेबांस नम्र विनंती की, अंगणात आपण मान वळवून पाहिलेत, त्याच्या आधी मी म्हशीकडे पाहत नव्हतो, हे आपणास त्याच वेळी कळले होते काय, याचा खुलासा व्हावा. कळले असल्यास, त्याचा राग आपण मजवर ठेवू नये, आणि मीही आपणांवर ठेवणार नाही. विहीणबाई व माझी कन्या यांची साक्ष घेण्याची गरज नाही. त्यांना सर्व आधीपासून ठाऊक आहे. उत्तर टपालाने नको. पुढल्या खेपेस जेवताना, वाढणे चालू असता, एका शब्दात दिले तरी चालेल. हा अर्ज.